ज्यूरीतून उठलात? आता सोफ्यावर बसा

अभिनंदन! नागरिकत्वाची शपथ झाली, हातात छोटा झेंडा धरून काढलेला फोटो घराण्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला, आणि वर्षभरात एडिसनच्या घरी पिझ्झाच्या कुपनांमध्ये दडून काउंटीचं पत्र आलं. ज्यूरी ड्यूटी, म्हणजे खटल्यात बसून दोषी की निर्दोष ते ठरवायचं. घाबरू नका. न्यू जर्सी पहिले तीन दिवस रोजचे 5 डॉलर देते, चौथ्या दिवसापासून 40. पहिल्या दिवसाच्या कमाईत ओक ट्री रोडवर एक मसाला डोसासुद्धा येत नाही, पण धीर धरा. नशीब जोरावर असेल तर तुमच्या वाट्याला गाजणारा खटला येईल, आणि मग डोश्याची चिंता राहणार नाही.

खटल्यात कसं वागायचं ते मी सांगत बसत नाही. ते न्यायाधीश रोज सांगतात: बातम्या बघू नका, गूगल करू नका, बायकोशीही बोलू नका. खटला संपल्यावर कसं वागायचं याचं मार्गदर्शन मात्र कुठेच मिळत नाही. न्यायाधीश जाता जाता एवढंच म्हणतात की आता तुम्ही बोलायला मोकळे आहात आणि न बोलायलाही मोकळे आहात. या वाक्याचा उत्तरार्ध ज्याला ऐकू येत नाही, तोच पुढे काहीतरी नाव काढतो.

(मराठीत तुम्हाला काय म्हणायचं हा प्रश्नच आहे. पंच म्हणावं तर पोलिसांनी पंचनाम्यावर सही घ्यायला रस्त्यावरून धरून आणल्यासारखं वाटतं. आपण ज्यूररच म्हणू. टीव्हीवर नावाखाली तेच लिहून येणार आहे.)

बोलायची उबळ येते, यात तुमचा दोष नाही. माजी बायकोच्या खुनाचा आरोप असलेल्या फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या ज्यूरीचं उदाहरण घ्या. 1995 साली लॉस एंजेलिसमध्ये ही माणसं 265 दिवस हॉटेलात कोंडलेली, रोजचे 5 डॉलर घेऊन. इतके महिने ऐकलं, आणि खलबत चार तासांच्या आत आटोपलं. म्हणजे तोंडाला काम असं मिळालंच नाही. नऊ महिने झाकण घट्ट लावून ठेवलेलं लोणचं आहे ते, उघडल्यावर वास सुटणारच.

तर पहिला सल्ला. पुराव्यावर बोलू नका. पुरावा कंटाळवाणा असतो, आणि तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेला असतो. प्रेक्षकांना हवं असतं ते तुमचं मन. कोणाचा तोरा खटकला, कोण रडलं, कोण रडायला हवं होतं आणि रडलं नाही. गायक मायकल जॅक्सनवरच्या, मुलाच्या लैंगिक शोषणाच्या खटल्याचा निकाल 13 जून 2005 ला सांता मारियात लागला, सगळ्या आरोपांतून सुटका. त्यानंतर ज्यूरी पत्रकारांसमोर बसली. फिर्यादी मुलाची आई साक्ष देताना ज्यूरीकडे बघून बोटांनी चुटक्या वाजवायची, ते आपल्याला अजिबात आवडलं नाही, असं एका बाईंनी तिथे सांगितलं. बघा, किती सोपं झालं. महिनोन् महिने साक्षी, कागदपत्रं, तज्ज्ञ, आणि जगाच्या लक्षात काय राहिलं तर चुटकी. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत याच पद्धतीने स्थळं नाकारतात, त्यामुळे तुम्हाला हे जमेल.

दुसरा सल्ला: एकदा बोललात म्हणजे संपलं असं समजू नका. मतं फिरवत ठेवावीत, तव्यावरच्या भाकरीसारखी. त्याच ज्यूरीतले दोघे ऑगस्टमध्ये टीव्हीवर आले आणि म्हणाले, खरं तर आम्हाला तो दोषीच वाटतो. दोघांचीही पुस्तकं घाटत होती. जूनमध्ये निर्दोष, ऑगस्टमध्ये दोषी. मधल्या दोन महिन्यांत नवा पुरावा आला नव्हता, फक्त ज्यूरीची खोली सुटून स्टुडिओची आली होती.

कोणी विचारेल, मग निकालाचं काय? निकालाला काही होत नाही. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच आरोपाखाली पुन्हा खटला चालत नाही. आणि शिक्षा झालेली असली, तरी बंद खोलीत कोण कोणाला काय म्हणालं यावरून निकाल उलटवायला अमेरिकी न्यायालयं साधारणपणे तयार होत नाहीत. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णद्वेषाच्या उघड बोलण्यापुरती तेवढी फट ठेवली. थोडक्यात, तुमच्या बोलण्याने कायद्यात काहीही हलत नाही. ज्याला तुम्ही सोडलंत तो आयुष्यभर ‘सुटला खरा, पण’ होऊन फिरतो, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना दोन महिन्यांनी कळतं की यांनाही तसंच वाटत होतं. एवढंच. तुम्ही मन मोकळं करा.

पैशांचं मात्र जपून. कॅलिफोर्नियात ज्यूररने सुटी झाल्यापासून 90 दिवस खटल्याच्या माहितीचा मोबदला घ्यायचा नाही, घ्यायचं कबूलही करायचं नाही, असा कायदा आहे. नीट वाचा: तोंड बंद ठेवा असं त्यात कुठेही नाही, फक्त हात बंद. तेवढे दिवस फुकट बोलावं आणि भाव वाढवून ठेवावा.

घाई मात्र नको, आणि इथे फ्लोरिडाची ज्यूरर बी-37 (नाव गुप्त, म्हणून नुसता क्रमांक) आठवावी. एका मुलाला गोळी घालणाऱ्या जॉर्ज झिमरमनच्या खटल्यात 13 जुलै 2013 ला, शनिवारी रात्री, सहा बायकांच्या ज्यूरीने त्याला सोडलं. सोमवारी बी-37 ने पुस्तकासाठी एजंट धरल्याची बातमी आली. त्याच रात्री ती चेहरा अंधारात ठेवून टीव्हीवर बोलली आणि आरोपीचा हेतू चांगला होता अशी ग्वाही देऊन गेली. मंगळवार उजाडेपर्यंत लोकांचा गलका एवढा झाला की पुस्तक बारगळलं. वर तिच्याबरोबरच्या चौघींनी पत्रक काढलं, ही मतं तिची, आमची नव्हेत. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही ठरावावर सह्या झाल्यावर इतक्या लवकर फूट पडत नाही. मेलेला मुलगा 17 वर्षांचा होता, ट्रेव्हॉन मार्टिन. त्या पुस्तकात त्यालाही एखादं प्रकरण मिळालंच असतं.

आता एक तांत्रिक बाब. मुलाखतीत स्वतःची दुःखद हकिगत सांगणार असाल, तर ती निवडीच्या वेळच्या प्रश्नावलीत लिहिली होती ना, एवढं आठवून बघा. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणात जेफ्री एपस्टीनला साथ देणाऱ्या गिलेन मॅक्सवेलला 29 डिसेंबर 2021 ला मॅनहॅटनमध्ये दोषी ठरवलं गेलं. जानेवारी उजाडला, आणि एका ज्यूररने पत्रकारांना सांगितलं की लहानपणी माझ्यावरही अत्याचार झाले होते, ते मी खोलीत इतरांना सांगितलं आणि पीडितांवर विश्वास का ठेवावा ते त्यांना पटलं. मनापासून सांगितलं असावं. इथे मला त्याची थट्टा करवत नाही. पण प्रश्नावलीतल्या 48 व्या प्रश्नाने नेमकं हेच विचारलं होतं, आणि त्याने खूण केली होती ‘नाही’वर. बचावाच्या वकिलांना आयती ओवाळणी मिळाली. मार्चमध्ये त्याला पुन्हा त्याच न्यायालयात, या वेळी साक्षीदाराच्या जागी, बसावं लागलं. प्रश्नावली भराभर उरकली, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी निकाल कायम ठेवला. पण ज्या बायकांनी एवढ्या वर्षांनी उभं राहून साक्ष दिली, त्यांचे ते तीन महिने कसे गेले असतील, ते कोणत्या मुलाखतीत आलं नाही. म्हणून सांगतो, फॉर्म भरताना चष्मा लावा.

काहीजण उगाच शहाणपणा करतात. 2011 साली ऑरलँडोत केसी अँथनी मुलीच्या खुनाच्या आरोपातून सुटली तेव्हा सगळा देश खवळला, न्यायाधीशांना ज्यूररांची नावं काही महिने झाकून ठेवावी लागली. त्यातल्या एकीने सांगितलं, आम्ही तिला निष्पाप म्हटलेलं नाही, पुरावा पुरला नाही एवढंच म्हटलं. अख्खा फौजदारी कायदा एका वाक्यात. पण याला टीआरपी नाही. त्याच बोलण्यातलं ‘आम्ही रडलो, पोटात ढवळलं’ हे तेवढं चाललं. तेव्हा मुलाखतीत तर्क एक चमचा, पोट वाटीभर.

इंग्लंडमध्ये असाल तर हे सगळं विसरा. तिथे ज्यूरीच्या खोलीतलं बोलणं बाहेर सांगणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत आत जाल. अरसिक लोक.

आणि भारतात तर फौजदारी खटल्यांतली ज्यूरीच गेली, म्हणजे संधीच गेली. बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घालणाऱ्या नौदलाच्या कमांडर नानावटीला 1959 साली मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निकाल इतका विपरीत वाटला की त्यांनी प्रकरण सरळ उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे जन्मठेप झाली. त्या नऊ जणांना सोफ्यावर बसवायची कोणाला गरजच पडली नाही. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने निकालाआधीच सगळं लिहून टाकलं होतं आणि 25 पैशांचा अंक दोन रुपयांना खपत होता. रस्त्यावर म्हणे आहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तुलं विकली जात. पण तो एक, विरुद्ध गेलेला, त्याला काय दिसलं होतं? त्याची मुलाखत मी पैसे देऊन वाचली असती.

असो. तुमच्या घरी कॅमेरावाले सकाळी नऊला येतील. सोफा खिडकीपासून हलवतील, पंखा बंद करतील, शर्टाच्या आतून वायर घालतील. मागच्या फळीवरचा गणपती काचेमुळे चमकतो म्हणून उचलून मायक्रोवेव्हच्या बाजूला ठेवतील. तुम्ही चाळीस मिनिटं बोलाल: शंकेचा फायदा म्हणजे काय, कोणत्या साक्षीवर अडलात, रात्री झोप कशी येत नव्हती. संध्याकाळी त्यातले अकरा सेकंद लागतील, त्यात तुम्ही आरोपीच्या टायबद्दल बोलत असाल.

तोवर पुण्यात सकाळ झालेली असते. लिंक पोहोचते, आणि आईचा फोन येतो.

“बघितलं हो. छान बोललास,” ती म्हणते. “पण मागचा गणपती कुठे गेला रे?”