दोर ओढायला सराव कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. आमच्या गावातल्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या मंडळींच्या वर्षभराबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही मनापासून टीका केलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं: दोर ओढून घंटा वाजवण्यात कला ती काय, आणि अर्धा लेख त्याच्या सरावावर कशाला? सोबतच्या रेकॉर्डिंगमध्ये ना धून आहे ना ताल, नुसता गलका; त्यापेक्षा आपला ढोल-ताशा काय कमी आहे? आणि हिंदू बाईनं चर्चच्या घंटा वाजवायच्या कशासाठी?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा तुम्ही पाहिली असेल. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या कितीतरी घंटा आपल्या देवळांत आल्या, आणि त्या परक्या आहेत असं तिथे हात जोडणाऱ्या कुणाला वाटत नाही. इंग्लंडमध्ये, हेरफर्डशरमधल्या आमच्या या छोट्या गावात मनोऱ्याचा जिना चढणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. रविवारी वाजवून झालं की आमच्यातले काही प्रार्थनेला बसतात, काही घरी जातात. मी घरी जाते. पण ती घंटा प्रार्थनेला बोलावते आहे हे भान ठेवूनच दोर हातात घेते.

आता कला. आपल्याकडची घंटा टांगलेली असते, लोलक आदळला की वाजते. इथली घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते आणि वाजवण्याआधी तोंड वर करून उभी केलेली असते. दोर ओढला की ती पूर्ण गिरकी घेते, एकदाच वाजते आणि पुन्हा तोंड वर करून तोलावर येते. पुढच्या ओढीला उलट दिशेनं गिरकी. मोठी घंटा अर्ध्या टनाची. तिला ताकदीनं अडवता येत नाही. तोलावर क्षणभर रेंगाळवायची, नाहीतर जरा लवकर परतवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणूनच या घंटांवर गाणं वाजत नाही. वाजतो तो क्रम. सहा घंटा आधी १२३४५६ अशा वाजतात, मग २१४३६५, मग २४१६३५, मग ४२६१५३. प्रत्येक घंटा एका वेळी फार तर एक जागा सरकते. सहा घंटांचे असे ७२० क्रम होतात, आणि एकही पुन्हा येऊ न देता ते सगळे वाजवायचे. समोर कागद नाही, सगळं पाठ. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकपाश नावाचं, अंकांचे किती क्रम होतात ते मोजायचं प्रकरण आहे ना, तेच गणित इथे माणसं सतराव्या शतकापासून हातांनी करत आली आहेत. १७१५ मध्ये इथल्याच नॉरिच शहरातल्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये सात घंटांचे ५०४० क्रम सलग वाजवले गेले. १९६३ मध्ये इथल्याच लफबरो गावी आठ जणांनी आठ घंटांचे ४०,३२० क्रम वाजवले, मध्ये न थांबता, कुणीही न बदलता. १७ तास ५८ मिनिटं लागली.

आम्ही त्याच्या आसपासही नाही. पण गुरुवारचा सराव का, हे आता कळेल. नवशिक्याला आधी लोलक बांधून ठेवलेल्या, मुक्या घंटेवर शिकवतात, कारण चुकलेला प्रत्येक ठोका गावभर ऐकू जातो. घंटा सावरता आली की मग खरी अडचण: गोल उभ्या सहा जणांच्या हलत्या दोरांमधून आपण आता कुणाच्या मागे वाजायचं हे ओळखणं. ही नजर यायला महिनोन्महिने जातात. आणि सहा घंटांना सहा माणसं लागतात. फेब्रुवारीत दोघं तापानं पडली की राहतात चार. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली शांतता, उन्हाळ्यातली लग्नं, दुसऱ्या गावांचे मनोरे वाजवत फिरायची वार्षिक सहल, नाताळ, हे सगळं लोकांना दिसतं. ते त्या थंड खोलीतल्या गुरुवारांवर उभं असतं. मी अर्धा लेख तिथे दिला तो जाणूनबुजून, आणि पुन्हा लिहिला तरी देईन.

नोव्हेंबरातला रिमेंबरन्स संडे, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा रविवार, मला सगळ्यांत मोठा वाटतो. लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात. एक ओळ खणखणीत वाजते, पुढची दबलेली. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक मारले गेले. शंभर वर्षांनी, २०१८ मध्ये, तेवढेच नवे वादक घडवायची मोहीम देशभर निघाली. माझ्या डाव्या हाताला उभ्या असतात त्या बाई तेव्हाच शिकल्या. त्या नसत्या तर आमची सहावी घंटा आज बंद असती.

ढोल-ताशा कमी आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण ही परंपरा आपल्या मातीत अजिबात नाही असंही नाही: कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यात लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत.

राहिला ताल. तो आहे. रेकॉर्डिंग पुन्हा लावा आणि धून शोधू नका, ठोके मोजा. सहा घंटांच्या दोन ओळी, म्हणजे बारा ठोके सारख्या अंतरानं येतात, मग एका ठोक्याएवढी जागा मोकळी सुटते, मग पुन्हा बारा. ती जागा एकदा कानाला सापडली की कोण उशिरा वाजलं तेही कळेल. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास पाचवी घंटा जरा मागे राहते, ती मी.