गणवेशाच्या कापडाबद्दलच्या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की मुलाच्या गणवेशाचं कापड आम्ही कॉटन सांगून दिलं, घरी धागा जाळला तर त्याचा काळा कडक मणी झाला, शर्टात मुलाला घाम येतो, पॅंटला इस्त्रीची चकाकी आली आणि मांडीवर बारीक गोळे धरले. बाकी सगळ्यावर बोलू, पण 'फसवणूक' आम्हाला मान्य नाही. बिल काढून बघा. शर्टाच्या ओळीत पॉलिस्टर ६७, कॉटन ३३ लिहिलंय, पॅंटच्या ओळीत पॉलिस्टर ६५, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) ३५. काउंटरवरचा मुलगा शर्टाला 'कॉटन मिक्स' म्हणाला असेल, तर तेही खरंच आहे.

जाळून पाहण्याची परीक्षा आम्हीही गिऱ्हाइकासमोर करतो. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि राख बोटात चुरा होते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि गार झालं की मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. मात्र धागा शिवणीतून उसवला असेल तर तो पॉलिस्टरच निघणार. हल्ली सुती सदरासुद्धा बहुतेक शिंपी पॉलिस्टरच्या रिळानंच शिवतात, कारण तो दोरा सहजी तुटत नाही.

गणवेशात पॉलिस्टर कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. आपल्याकडे शाळा भरतात जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. कोल्हापूरच्या पावसात जाड सुती पॅंट रात्री वाळत टाकली तर सकाळी कमरेच्या पट्टीशी ओलीच लागते. पॉलिस्टर पाणी आत शोषतच नाही, त्यामुळे पंख्याखाली वाळतं. धुण्यात आटत नाही, म्हणून पॅंट घोट्याच्या वर चढत नाही. उष्णतेनं बसवलेली क्रीज धुतल्यावरही टिकते. रंगही पक्का. पॉलिस्टर रंगवताना दाबाखाली साधारण १३० अंश तापमानाला रंग धाग्याच्या आत शिरवतात, त्यामुळे नेव्ही ब्ल्यू पॅंट चार महिन्यांत राखाडी पडत नाही. हे सगळं खिशाला परवडणाऱ्या भावात शुद्ध सुतीत मिळत नाही. आमच्या वडिलांच्या काळी लोक हौसेनं टेरिकॉट मागून न्यायचे, तेही हेच पॉलिस्टर-कॉटन.

घामाची तक्रार मात्र रास्त आहे. जे पाणी शोषत नाही ते घाम कुठून शोषणार? साधारण हवेत १०० ग्रॅम सुती कापड सात-आठ ग्रॅम ओल धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. व्हिस्कोस सुतीपेक्षाही जास्त धरतं, म्हणूनच पॅंटच्या कापडात ते घालतात. मुलाला घाम जास्त येत असेल तर शर्ट पूर्ण सुती घ्या. पांढऱ्यात शाळेला फरक कळतही नाही. आमच्याकडे आहे. भाव थोडा जास्त पडेल, आणि रोज इस्त्री करावी लागेल, कारण ते चुरगळतं. पॅंट मात्र आहे तीच चालू द्या, असा माझा सल्ला.

चकाकी कापडामुळे नाही, इस्त्रीच्या तापामुळे आली आहे. इस्त्रीवरचे तीन ठिपके म्हणजे साधारण २०० अंश, ते सुतीसाठी. पॉलिस्टर वितळतं २५५ अंशांच्या आसपास, पण त्याच्या बरंच आधी नरम पडतं आणि जोर दिला की धागे चपटे होतात. चपटा धागा उजेडात चमकतो. शिवणीच्या जाड जागी आणि खिशाच्या कडेला आधी दिसतं ते यामुळेच. पॅंट उलटी करून, दोन ठिपक्यांवर, वर ओलसर सुती फडकं टाकून इस्त्री करा. आलेली चकाकी वाफेनं थोडी उतरेल, पूर्ण जाईलच असं नाही. बाहेर इस्त्रीला देत असाल तर त्या भाऊंनाही सांगून ठेवा, कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात!

गोळे घासण्यानं येतात. बाकावर सरकून आणि दप्तर मांडीवर ठेवून तंतूंची टोकं वर येतात आणि गुंततात. सुतीतही येतात, पण तिथे तंतू तुटून गोळा गळून पडतो. पॉलिस्टरचा तंतू चिवट, तो धरून ठेवतो. ब्रशनं घासू नका, पॅंट उलटी करून धुवा. आलेले गोळे काढायचं छोटं मशीन मिळतं, त्यानं निघतात. ब्लेड लावू नका, कापडाला भोक पडतं.

दोन जोडांपैकी दुसऱ्या शर्टाचं कापड अजून कापलं नसेल, तर घेऊन या. सुतीत बदलून देऊ, भावातला फरक तेवढा द्यावा लागेल. कापलेलं कापड परत घेता येणार नाही. बिल सोबत आणा आणि शक्यतो दुपारी या. जूनमध्ये संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते.