कोलेस्टेरॉलची गोळी सोडून थायरॉइडची घ्यायची?

‘कोलेस्टेरॉल वाढणे म्हणजे थायरॉइडचाच दोष, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा, थायरॉइडची सुरू करा, कोबी सोडा आणि धण्याचे पाणी प्या’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो वाचून माझ्या आत्याने स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, थांबवले आणि सुनेच्या बाटलीतील थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, घ्यायला सुरुवात केली. आत्याला स्टेंट बसवलेला आहे आणि तिचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड नीट चालते का हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, २.१, म्हणजे अगदी व्यवस्थित आहे!

संदेशात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. थायरॉइड मंदावले की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तातून उचलून घेणारे यकृताच्या पेशींवरील रिसेप्टर कमी होतात. त्यामुळे शरीरात कोलेस्टेरॉल कमी तयार होत असूनही त्याचा निचरा होत नाही आणि रक्तातले प्रमाण वाढते. अशा रुग्णाचे एलडीएल थायरॉक्सिनने बरेचसे उतरते. परंतु आनुवंशिकतेने किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने वाढलेल्या कोलेस्टेरॉलला हे लागू होत नाही.

थायरॉइड निरोगी असताना ही गोळी घ्या, हा सल्ला तर सरळसरळ घातक आहे, आणि तो आजमावूनही झाला आहे. अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ८,३४१ पुरुष होते. त्यांच्यातील एका गटाला कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉक्सिनचेच आरशातले रूप, देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरले, पण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गटात मृत्यू अधिक दिसू लागल्याने ते औषध मध्येच थांबवावे लागले. हा अहवाल १९७२ सालचा आहे. ‘आमची गोळी त्याहून वेगळी’ असे कोणी म्हणेलच. पण गरज नसताना घेतलेले साधे थायरॉक्सिनही हृदयाचे ठोके अनियमित करू शकते आणि उतारवयातील बाईची हाडे ठिसूळ करू शकते. म्हणून तर हृदयाला धक्का न लावता मुख्यतः यकृतातच थायरॉइडसारखे काम करणारा निराळा रेणू घडवावा लागला. त्या रेसमेटिरॉमला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली, तीही यकृताच्या आजारासाठी.

कोबी थायरॉइडच्या आयोडीनला आडवा येतो असे म्हणतात, पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याने शिजवलेल्या कोबीला घाबरण्याचे कारण नाही. धण्याचे पाणी खुशाल प्यावे, औषध म्हणून नव्हे.

स्टॅटिनने स्नायू दुखतात, ही तक्रार मात्र खोटी नाही, आणि उपचाराविना राहिलेल्या मंद थायरॉइडमध्ये ती अधिक आढळते. त्यासाठीच स्टॅटिन सुरू करण्यापूर्वी टीएसएच पाहिला जातो. आत्याचा तो पाहिलेला होता. डॉक्टरांना विचारून तिची जुनी गोळी पुन्हा सुरू केली आहे आणि सुनेची बाटली सुनेला परत दिली आहे.