उलटा गड आणि माझी एक्सेल शीट

आई-बाबा मे महिन्यात न्यू जर्सीला येणार हे पक्कं झालं त्याच दिवशी बायको म्हणाली, मागच्या वेळी नायगारा झाला, आता त्यांना ॲरिझोनातली ग्रँड कॅनियनची दरी दाखवू. 'दाखवू' हे क्रियापद दिसायला अनेकवचनी असलं तरी काम एकवचनी असतं हे लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी लॅपटॉप उघडला, एक्सेल शीट बनवली, तिला 'जीसी फायनल' असं नाव दिलं. परवापर्यंत ती 'जीसी फायनल ७ खरंच फायनल' होती.

पहिलाच दणका राहण्याच्या जागेचा. म्हणलं पार्कच्या आत दरीच्या काठावरच हॉटेल घेऊ, म्हाताऱ्या माणसांची चालायची दगदग नको, तर कळलं की तिथलं बुकिंग १३ महिने आधी उघडतं. मी एप्रिलमध्ये बसून जुलैचं शोधत होतो. तेरा महिने म्हणजे काय चेष्टा आहे का, तेवढ्यात माणसाला मूल होतं, त्याचं बारसं होतं आणि ते पालथं पडायला लागतं. आणि मुळात तेरा महिन्यांपूर्वी आई-बाबांचं यायचंच ठरलं नव्हतं, कारण बाबांचा मोतीबिंदू पिकायचा होता. शेवटी पार्कच्या दाराबाहेर टुसायन नावाचं एवढंसं गाव आहे तिथं दोन खोल्या मिळाल्या. भाडं बाबांना सांगितलेलं नाही. ते रुपयात करतात.

मग हवामान. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिणेकडचा काठ, साधारण ७००० फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. म्हणजे गाडी कळसूबाईच्या डोक्यावर पार्क करायची, आणि मग हौस असेल तर खाली उतरायचं. जुलैत वरती दुपारी २९ सेल्सियसच्या आसपास, छान, आणि त्याच दिवशी त्याच वेळी खाली नदीकाठी ४१. एकाच दरीत दोन ऋतू, बॅगेत कपडे कुठले भरायचे? मी हे ४१ जरा घाबरवायच्या सुरात वाचून दाखवलं तर आई, जिचं माहेर भुसावळ, कणीक मळता मळता म्हणाली, "एवढंच? एवढं झालं की आम्ही गोधड्या बाहेर काढतो."

बाबांचं प्रकरण वेगळं. त्यांनी तरुणपणी राजगड-तोरणा एका दमात केलाय, निदान दर वर्षी तो दम थोडा लांबत जातो, आणि त्यांना ब्राइट एंजल ट्रेल नावाच्या पायवाटेनं दरीत उतरून तळातल्या नदीला हात लावून संध्याकाळी वरती चहाला यायचं होतं. एका बाजूला १२-१३ किलोमीटर, सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त उतार. पार्कवाले स्वच्छ सांगतात की एका दिवसात नदीपर्यंत जाऊन यायच्या भानगडीत पडू नका, उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ उतारावर असू नका, आणि उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. मी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते, चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "म्हणजे हा उलटा गड आहे. गडावर आधी दम लागतो, मग मजा. इथं आधी मजा." या एका वाक्यानं त्यांना जे कळलं ते पार्कच्या अख्ख्या वेबसाइटनं मला कळलं नव्हतं. अर्थात त्यामुळे बेत रद्द झाला असं नाही, फक्त 'बघू' वर आला, आणि आमच्या घरात 'बघू' म्हणजे पहाटे पाचला बूट घालून दारात उभे.

बायकोला नॉर्थ रिम हवा होता, गर्दी कमी, हवा थंड. नकाशात बघितलं तर साउथ रिमवरून समोर दिसतो, कावळ्याला १० मैल. गाडीने सुमारे २१५ मैल, पाचेक तास. म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशींकडे वाटीभर साखर मागायला पुण्याहून बेळगावपर्यंत गाडी हाणायची. त्यात तिथलं काठावरचं जुनं लॉज २०२५ च्या जुलैमधल्या वणव्यात जळून गेलं. नॉर्थ रिमची ओळ शीटमध्ये लाल केली. बायकोचा चेहराही साधारण त्याच रंगाचा झाला, म्हणून भरपाई म्हणून पेज नावाच्या गावाजवळचा अँटिलोप कॅनियन घातला, तो नारिंगी खडकाच्या लाटांचा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो तोच.

आणि इथं मी खऱ्या अर्थानं फसलो.

अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं करतात. ॲरिझोना करत नाही. पण ॲरिझोनाच्या आत नावाहो लोकांचा प्रदेश आहे, ते करतात. त्या नावाहो प्रदेशाच्या आत होपी लोकांचा प्रदेश आहे, ते करत नाहीत. म्हणजे मेदूवडा, त्याला भोक, आणि भोकात परत वडा. आमचा रस्ता यातल्या नावाहो भागातून जाणार. अँटिलोप कॅनियन नावाहोंच्या जमिनीवर, वाटाड्या नावाहोच लागतो, पण टूरवाल्यांच्या ईमेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं की आमची वेळ फिनिक्सची, म्हणजे ॲरिझोनाची, फोनवर विश्वास ठेवू नका. मी शीटमध्ये तीन रकाने केले, घरची वेळ, ॲरिझोनाची वेळ, नावाहो वेळ. चौथा आईनं करायला लावला, भारताची, कारण मावशीचा रोज ठरलेल्या वेळी फोन येतो आणि उचलला नाही तर ती थेट बाबांच्या तब्येतीवर येते. रात्री दीड वाजता (घरची वेळ) मी त्या चार रकान्यांकडे बघत बसलो होतो आणि मला खरंच कळेना की आपण सकाळी नाश्ता कधी करणार आहोत.

नाश्ता म्हणजे दशम्या. आईनं आल्या आल्या जाहीर केलं होतं, दुधातल्या दशम्या आठवडाभर टिकतात. अगं पण ते वाळवंट आहे, हवेत ओलावा नाही, दुपारपर्यंत पापड होतील. "मग पापड म्हणून खा." विषय बंद.

आईला एकूण सहलीतच फारसा रस नव्हता. दरी काय बघायची, कोकणकडा बघितलाय की, असं. म्हणून मी हुकमाचा पत्ता टाकला. म्हणलं आई, तिथं त्या दरीत जे मोठमोठे सुळके आहेत ना, त्यांची नावं विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी आहेत. क्लॅरेन्स डटन नावाचा एक भूगर्भशास्त्रज्ञ १८८० च्या आसपास तिथं फिरत होता, त्यानं सुळक्यांना अशी देवांची नावं द्यायला सुरुवात केली. तळातल्या सगळ्यात जुन्या खडकांतल्या एकाचं नावही विष्णू, वय सुमारे १७० कोटी वर्षं. बाबांनी तिथल्या तिथं हिशोब केला की ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, म्हणजे याचा अजून अर्धा दिवससुद्धा झालेला नाही, आणि समाधानानं मान हलवली, जणू खडक लहान निघाला हे बरंच झालं.

आई मात्र पोळी लाटायची थांबली. "देऊळ आहे?"

"देऊळ नाही गं, डोंगर. देवळासारखा दिसतो म्हणून नाव."

"गाभारा?"

"नाही."

"पुजारी?"

"आई, सुळका आहे तो."

"असू दे. ब्रह्मगिरीसुद्धा डोंगरच आहे," आई म्हणाली, आणि मी खूश झालो, चला, एक तरी माणूस मनापासून तयार झालं. विमानाची तिकिटं काढली, व्हेगासला उतरून तिथून साडेचार तास गाडी. आईला व्हेगास म्हणजे विमानतळाचं नाव आहे असं सांगितलंय, कुणी बोलू नका. टुसायनचे पैसे भरले, पेजचे भरले, वाटाड्याचे भरले. जुलैचा तिसरा आठवडा. शीटमधल्या सगळ्या ओळी हिरव्या.

परवा रात्री जेवताना आई भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटत होती. ते ती बॅगेतून घेऊनच येते.

"शंकराचं पण आहे म्हणालास ना?"

"हो."

"मग जुलैत कशाला? श्रावण ऑगस्टात आहे. पहिल्या सोमवारी जाऊ."

मी बायकोकडे बघितलं. बायको ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत होती. मी म्हणलं आई, ऑगस्टमध्ये तिकडे पावसाळी हवा असते, दुपारी ढग जमून विजा पडतात, दऱ्यांत अचानक लोंढे येतात, त्या चिंचोळ्या अँटिलोपच्या टूर तर अशा वेळी रद्दच करतात. आई म्हणाली, श्रावणात पाऊस नाही पडणार तर कधी पडणार.

आता 'जीसी फायनल ८' उघडलीये. टुसायनला ऑगस्टात एकच खोली आहे. सोमवारी उपास, म्हणजे दशम्या बाद, खिचडी आली, म्हणजे साबुदाणा आदल्या रात्री हॉटेलात भिजत घालायला हवा, आणि त्या रात्री आम्ही नेमके पेजहून परत येणार. बाबा इतका वेळ शांतपणे ताक पीत होते. भांडं खाली ठेवून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे. पण साबुदाणा भिजवायचा कुठल्या वेळेनं, ॲरिझोनाच्या की नावाहोच्या?"