शुक्रवारपर्यंत दुसरा माणूस शोधा म्हणे!

काल संध्याकाळी गाडीवरचा बर्फ झाडत होतो तेव्हा फोन वाजला. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड बेट आहे ना, तिथला नंबर. खरं सांगतो, हातमोजा दाताने ओढून काढला आणि फोन घेतला, इतका आनंद झाला होता. वाटलं, कॅम्पवर कधी पोचायचं, सोबत काय आणायचं, असलं काहीतरी असेल. तिथे मूसच्या, म्हणजे त्या थोराड हरणाच्या, शिकारीसाठी चौदा महिन्यांपूर्वी डिपॉझिट भरलंय. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, दोन शिकारी, दोघांत मिळून एक गाईड. सगळं ठरलेलं.

आणि तो आउटफिटर, म्हणजे शिकारीचा कॅम्प चालवणारा, म्हणतो, "तुझा जोडीदार गळला ना, मग आता त्या आठवड्यात तुला धरता येणार नाही."

गळला! माझ्या मित्राच्या आईला नाशिकला अर्धांगाचा झटका आलाय. तो मिळेल त्या विमानाने निघून गेला, परत कधी येईल हे त्यालाच ठाऊक नाही. ही गोष्ट मी या आउटफिटरला तीन आठवड्यांपूर्वी लिहून कळवली होती. तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं होतं, काळजी करू नकोस, आपण काहीतरी मार्ग काढू. काल त्याने काढलेला मार्ग ऐका. एक, शुक्रवारपर्यंत दुसरा शिकारी शोधून आण. दोन, एकट्याला एक गाईड घे, त्याचे २,२०० डॉलर जादा, वर पंधरा टक्के टॅक्स. तीन, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ये, कुणा अनोळखी माणसाच्या जोडीने. यातलं काहीच जमत नसेल तर डिपॉझिट विसर.

शुक्रवारपर्यंत! काल मंगळवार होता. तीन आठवडे हा माणूस माझ्या पत्रावर बसून राहिला आणि मला तीन दिवस देतो. तीन दिवसांत मी असा माणूस कुठून पैदा करू, ज्याच्याकडे बंदुकीचं लायसन्स आहे, हंटिंगचं लायसन्स आहे, साडेसहा हजार डॉलर बाजूला पडलेले आहेत, कामावर अकरा दिवसांची रजा मिळते, आणि ज्याच्याबरोबर एका लाकडी खोलीत आठवडाभर ओल्या मोज्यांच्या वासात राहता येईल? वधुपरीक्षेलासुद्धा लोक याहून जास्त वेळ देतात.

बरं, बोलताना समोर कुरुम कुरुम चालू होतं. काहीतरी खात होता. माझं वर्षभराचं नियोजन मोडतोय आणि तोंडात वेफर्स. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बडी". समजून घे, बडी. माझ्या हातात नाही, बडी. मी म्हटलं, आपल्या करारात कुठे लिहिलंय की जोडीदार आजारपणामुळे आला नाही तर माझा आठवडा जाईल? तर म्हणे, दर 'दोघांत एक गाईड' असा लिहिलाय, आता दोघे नाहीत, म्हणजे तो दरही नाही. आणि मग ते वाक्य, जे रात्रभर डोक्यात घण घालत राहिलं: "नॉन-रेसिडेंट लोकांचं असंच असतं."

नॉन-रेसिडेंट. तेवीस वर्षं झाली या देशात येऊन. भारताचा पासपोर्ट परत केला तेव्हा घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो. इथे कर भरतो, मत देतो, पोरं इथे वाढली. पण माझ्या ओंटारियो प्रांताची हद्द ओलांडून मूसचं नाव काढलं की मी परका. आणि जिथे मी परका ठरतो त्या बेटावरचे मूस कुठले? १९०४ साली न्यू ब्रन्सविकहून चार मूस आणून हाऊलीजवळ सोडले, आजचा बहुतेक कळप त्यांचाच. खुद्द न्यूफाउंडलंड कॅनडात आलं १९४९ साली.

थांबा, कुणी मला नियम शिकवायला येऊ नका. वन्यप्राणी हा प्रांताचा विषय आहे, मला मान्य आहे. तिथल्या रानात बाहेरच्या माणसासोबत गाईड हवा, हेही मान्य आहे. ती दलदल, ते धुकं, दहा मिनिटांत दिशा हरवते. आमचं ओंटारियोही बाहेरच्यांसाठी पायघड्या घालत नाही. माझे आजोबा एके काळी रानडुकराच्या शिकारीला जायचे, पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि बंदूक भिंतीवर गेली. ते योग्यच झालं, असं आजोबा स्वतः म्हणायचे. त्यामुळे नियम पाळणं मला जड नाही. माझं भांडण वेगळं आहे. कायदा म्हणतो, परवानाधारक आउटफिटरकडे गेल्याशिवाय तुला शिकार नाही. लायसन्ससुद्धा त्याच्याच हातून. म्हणजे कायद्यानेच मला धरून त्याच्या दारात नेऊन उभं केलं ना? मग दाराच्या आत तो माझ्याशी कसला करार करतो, डिपॉझिट कशावरून गिळतो, आठवडा कशावरून बदलतो, हे कायद्याने बघायला नको? मला दुसरीकडे जायची सोय ठेवलेली नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर वेफर्स खात बोलतो!

घरी बायको म्हणाली, मग दुसऱ्या प्रांतात जा. जा म्हणे! दोन वर्षांपूर्वी मी एक वही घालून सगळे प्रांत उकरले होते. नोव्हा स्कोशियात केप ब्रेटनच्या डोंगरातल्या मूसच्या परवान्यांची सोडत फक्त त्या प्रांताच्या रहिवाशांसाठी. न्यू ब्रन्सविकमध्ये हंगाम उणापुरा पाच दिवसांचा, त्यात बाहेरच्यांची सोडत वेगळी. अल्बर्टात बिनपैशाचा स्थानिक यजमान चालतो, फक्त तो हवा. कॅल्गरीतला माझा मावसभाऊ आधी हो म्हणाला आणि कागद पाठवल्यावर फोन उचलेनासा झाला. सख्ख्या मावशीचा मुलगा. त्याच्या घराचं तळघर मी सुट्टी काढून बांधून दिलं होतं, ते असू दे. ब्रिटिश कोलंबियात एकतर गाईड-आउटफिटर, नाहीतर तिथला रहिवासी सोबत आणि त्याचं परमिट. ओळखीचं कुणी नाही. क्वेबेकमध्ये ५२ अक्षांशाच्या खाली गाईडशिवाय जाता येतं, म्हणून सगळ्यात जास्त आशा तिथे होती. पण चांगल्या जागेवरच्या केबिन तीच ती कुटुंबं वर्षानुवर्षं धरून बसलेली. एका ठिकाणी माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचवर समोरची बाई हसली आणि तिने फोन ठेवून दिला. मी रोज संध्याकाळी अर्धा तास फ्रेंचचे धडे गिरवत होतो हो, त्या एका फोनसाठी.

आणि ओंटारियोतच का नाही करत, असं विचारणाऱ्याला तर मी घरी बोलावून कागद दाखवतो. पूर्वी सोडत होती, ती वाईट होती, कबूल. २०२१ पासून पॉइंट आले. दर एप्रिलमध्ये पंधरा डॉलर भरायचे, अर्ज करायचा, टॅग, म्हणजे एक मूस मारायचा परवाना, मिळाला नाही तर एक पॉइंट वाढतो. टॅग उचलला की पॉइंट शून्य, आणि नराचा टॅग असेल तर दोनशे डॉलर. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ज्या भागात मला जायचंय तिथे टॅग मोजके आणि माझ्यापुढे माझ्याहून जास्त पॉइंटवाले उभे. दर वर्षी माझा एक वाढतो, त्यांचाही एक वाढतो. आमच्यातलं अंतर तेवढंच राहतं. वय मात्र माझं वाढतं. आता चौपन्न. मूसची एक मांडी पाठीवर घेऊन दलदल तुडवायची असते, ते मी पासष्टीला करणार आहे का?

हा विषय निघाला की आमच्या कारखान्यातला एकजण ठरलेली टेप लावतो: मूस संपवले ते मूळनिवासींनी, त्यांना टॅग नको, काही नको. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, त्यांचा हक्क १९८२ च्या राज्यघटनेत लिहिलाय, करार तर त्याहून कितीतरी जुने. ओंटारियोतल्या सू सेंट मेरीजवळ १९९३ साली स्टीव्ह पाउली आणि त्यांच्या मुलाने एक मूस मारला, तर सरकारने खटला भरला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मेटीस, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, माणसाचा तो हक्कच आहे. पोटासाठी एक मूस मारला, ते सिद्ध करायला दहा वर्षं. आणि हा कँटीनमध्ये बसून त्यांच्या नावाने बोटं मोडणार! हिवाळे उबदार होत चाललेत, एकेका मूसच्या अंगावर हजारो गोचिड्या चढतात, वासरं वसंतापर्यंत रक्त आटून मरतात. त्यावर बोल की. पण नाही, गोचिडीला शिव्या देऊन मजा येत नाही ना.

दुसरी जमात आपली. मंडळाच्या स्नेहभोजनात एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही जनावरं मारता म्हणे?" हातात चिकन सुक्क्याची वाटी. त्या कोंबडीने जन्मात आभाळ पाहिलं नसेल. मी ज्या प्राण्याचं मांस खातो तो कुठे चरला, कसा मेला, हे मला माहीत असतं, आणि त्याची हाडंसुद्धा मी वाया घालवत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही आणि माफी मागण्यासारखंही नाही.

शुक्रवारचं सांगत होतो. आठवडा बदलला तर काय काय कोसळतं ते त्या बडीला कुठून कळणार? आमच्याकडे ऑक्टोबरच्या रजा जानेवारीत, सीनियॉरिटीप्रमाणे वाटतात. मी माझी मिळवली, त्यासाठी नाताळात दोन शिफ्ट जादा केल्या. विमानाने जायचं तर काडतुसं पाच किलोच्या आत, रायफलची पेटी वेगळी, आणि परतताना दीडशे किलो मांस काय खिशात घालून आणू? म्हणून ट्रक. म्हणून मागे ट्रेलर, त्यात फ्रीझर आणि जनरेटर. टोरंटोहून नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीपर्यंत जवळपास दोन हजार किलोमीटर, मग न्यूफाउंडलंडच्या पोर्ट ओ बास्क बंदराची फेरी, समुद्रात सात तास. ती फेरीही बुक केलीय, ट्रेलरच्या लांबीसकट. ट्रेलर भाड्याचा, त्याचाही आगाऊ भरणा झालाय. नोव्हेंबरच्या शेवटी त्या समुद्रात वारा सुटला की फेऱ्या थांबतात. मी मांस घेऊन बंदरात किती दिवस उभा राहू?

मांसाचंही एक प्रकरण आहे. हरणांमधला तो मेंदू सडवणारा रोग ओंटारियोत येऊ नये म्हणून बाहेरच्या प्रांतातून अख्खं धड आणता येत नाही, मेंदू आणि पाठीचा कणा तर नाहीच. हाड काढलेलं मांस चालतं, शिंगं चालतात पण कवटीचा तुकडा स्वच्छ हवा. नियम चांगला आहे. २०१८ मध्ये क्वेबेकच्या एका हरीणपालन केंद्रात हा रोग सापडला, तेव्हापासून मला स्वतःला त्याची धास्ती आहे. पण एका कार्यालयात मी फक्त एवढंच विचारलं की कवटीचा तुकडा किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, तर तीन वेळा फोन केला आणि तीन उत्तरं मिळाली. तिसरा तर म्हणाला, तुम्ही आधी मूस मारा, मग विचारा. असं बोलतात का माणसाशी?

रात्री झोप लागेना, खाली जाऊन फ्रीझर उघडला. मटार, परोठे, कोळंबी. मूसचा एक पुडा नाही, कधीपासून नाही. तिथेच स्टुलावर बसलो आणि २०१२ आठवलं. कारखान्यातून निवृत्त झालेला एक फ्रेंच म्हातारा मला पहिल्यांदा उत्तर ओंटारियोतल्या हर्स्टच्या वरच्या रानात घेऊन गेला होता. पहाट, तळ्यावर वाफ, पाण्याच्या कडेला पातळ बर्फ. त्याने भूर्जाच्या सालीचा भोंगा तोंडाला लावून मादीचा आवाज काढला. लांबलचक, रडल्यासारखा. मग काहीच नाही. वीस मिनिटं नुसतं आपलं काळीज ऐकायचं. आणि पलीकडून उत्तर आलं, खोकल्यासारखं, मग फांद्या मोडल्याचे आवाज, मग तो आला. चाळीस पावलांवर. त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. आमच्याकडे नराचा टॅग नव्हता. म्हाताऱ्याने माझ्या रायफलच्या नळीवर अलगद हात ठेवला, आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. तो निघून गेल्यावर म्हातारा म्हणाला, पुढच्या वेळी. त्यानंतर चार वर्षांनी म्हातारा गेला. भोंगा माझ्याकडे आहे, लेक शाल्मलीच्या जुन्या शाळेच्या दप्तरात गुंडाळून ठेवलाय.

त्या 'पुढच्या वेळी'साठी चौदा महिने पैसे साठवले. आणि हा मला शुक्रवार दाखवतो.

आज सकाळी त्याला सविस्तर लिहिलंय. त्याचं स्वतःचं तीन आठवड्यांपूर्वीचं उत्तर खाली जोडलंय, तारखेसकट. आउटफिटरांना परवाने देणाऱ्या खात्यालाही प्रत पाठवलीय. पैसे बुडाले तर बुडाले, पण गप्प बसून बुडू देणार नाही. म्हाताऱ्याच्या मुलालाही फोन केला. तो टिमिन्सला खाणीत असतो, बापाचं नाव काढल्यावर थोडा वेळ काही बोललाच नाही. रजेचं विचारून उद्या रात्री सांगतो म्हणाला.

तो नाही म्हणाला तर माझ्या हातात शुक्रवारची सकाळ उरते. तेव्हा तुमच्यापैकी कुणाकडे बंदुकीचं आणि हंटिंगचं लायसन्स असेल, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा मोकळा असेल, तर मला उद्या रात्रीच्या आत सांगा. घोरणारा चालेल. पहिल्यांदाच जाणारा असेल तर फारच उत्तम, भोंगा कसा वाजवायचा ते मी शिकवीन. ऐन वेळी माघार घेणारा नको.