बंड्याचा नववा दिवस

बंड्या आठ दिवस पहाटे पाचला उठला. नवव्या दिवशी उठला नाही. त्या एका दिवसावरून शनिवारी संध्याकाळी बेळगावच्या शहापुरात आमच्या पारावर जी दीड तास जुंपली, ती आठवते तशी लिहून ठेवतोय.

पार मारुतीच्या देवळाला लागून, समोर चहाची टपरी. दोन गल्ल्या पलीकडं अजून माग खडखडतात, त्यामुळं आमच्याकडं माणूस मुळातच वरच्या पट्टीत बोलतो. बाहेरच्याला वाटतं भांडण लागलंय. मास्तर हायस्कुलातून रिटायर झालेले, अण्णांचे घरातच दोन माग, सुऱ्या उद्यमबागेत फौंड्रीत, बंड्या मोबाईलच्या दुकानात, आणि पाचवा मी. पाच माणसांत तीन बाय-टू सांगितले. सहावा अर्धा कप नेहमीसारखा मास्तरांच्या वाट्याला.

बंड्यानं मोबाईलवर कुठल्या तरी साहेबाचा एकवीस दिवसांचा कोर्स घेतला होता. पाचला उठायचं, थंड पाण्यानं आंघोळ, दहा हजार पावलं, वीस पानं वाचन, साखर बंद, रात्री डायरी. सहाच्या सहा एकदम, पहिल्या दिवसापासून. रोज सकाळी स्टेटसला 'डे वन', 'डे टू' आणि उगवत्या सूर्याचा फोटो. आठव्या रात्री खानापुरात मेव्हण्याची हळद होती, घरी यायला दीड वाजला. संपलं.

"एक दिवस चुकला की पहिल्यापासून धरायचं असतंय म्हणे," बंड्या म्हणाला. "आता परत डे वन टाकायला लाज वाटालीय बघा."

"निश्चय नाही तुझ्याकडं," मास्तर म्हणाले. "मी आज सात वर्षं व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जातो. पाऊस असो, थंडी असो. मनात आणलं की होतंय."

अण्णा कप खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, मागावर तार तुटली तर आम्ही काय करतो? माग थांबवतो, गाठ मारतो, चालू करतो. कापडात बारीक डाग राहील, राहू दे. खरं एका तारेसाठी ताण्याचं अख्खं बीम उतरवून परत पहिल्यापासून कोण लावतंय? तो कोर्सवाला साहेब मागावर बसला असता तर एक लुगडं पुरं झालं नसतं."

हे अण्णा बोलले आणि मला राहवलं नाही. कारण हा एकवीस दिवसांचा आकडा मी मागं एकदा शोधून बघितला होता. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन. नाक सरळ करून घेतलेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यानं 1960 साली लिहिलं. 'निदान' हा शब्द पुढं कुठंतरी गळाला आणि नाकाचा हिशेब पहाटे उठण्याला लागू झाला. खरी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सोबत्यांनी केली, 2009 साली ती छापून आली. 96 माणसं, प्रत्येकानं एकच गोष्ट निवडायची, बारा आठवडे रोज लिहायचं की केली का आणि आपोआप झाली का. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला 66 दिवस. पण कुणाला 18, तर कुणाला 254. आता प्रयोगच बारा आठवड्यांचा म्हटल्यावर तो 254 गणितानं पुढं ताणून काढलेला, हेही सांगायला पाहिजे. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायाम उशिरा. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही.

"म्हणजे माझं आठ दिवसांचं फुकट गेलं नाही?" बंड्यानं विचारलं.

"नाही. नवव्या दिवसानंतर घरात बसलास ते फुकट गेलं," अण्णा म्हणाले.

मास्तरांना हे पटलं नाही. एक दिवस माफ केला की माणूस दुसराही माफ करून घेतो, असं त्यांचं म्हणणं, आणि पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस हे बोलतोय म्हटल्यावर ते अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. मीही घरी हेच बघितलंय: उपासाच्या दिवशी चुकून एक बिस्कीट तोंडात गेलं की 'मोडलाच आता' म्हणून मागोमाग वडापाव. अण्णांची गाठ आणि मास्तरांची भीती, दोन्ही खरंच.

खरं मास्तरांचीही एक गंमत आहे. लेकीनं त्यांना हातातलं पावलं मोजायचं घड्याळ आणून दिलंय. रात्री दहाला मी एकदा त्यांच्या दारावरून चाललो होतो, तर मास्तर गॅलरीत येरझाऱ्या घालतायत. चारशे पावलं कमी पडली होती म्हणे. गुडघा दुखत होता तरी. हे मी पारावर सांगितलं तसे मास्तर लाल झाले. वर मी आणि हेही सांगून बसलो, की दहा हजार हा आकडा डॉक्टरांचा नव्हेच. 1964 ला टोकियोत ऑलिंपिक झालं, त्यानंतर 1965 साली जपानात एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मीटर' अशा अर्थाचं. नाव खपलं आणि नियम झाला. 2019 साली अमेरिकेत साधारण सत्तरीच्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबत होता. त्याहून कमी चालणाऱ्यांनाही, म्हणजे चारेक हजारवाल्यांनाही, अगदी बसून राहणाऱ्यांपेक्षा बराच होता.

"मग ते चारशे मी कुणासाठी चाललो?" मास्तर म्हणाले.

"घड्याळासाठी," सुऱ्या म्हणाला.

हसणं झालं, तरी मला त्यांना हसायचा हक्क नाही. माझी कथा त्याहून वाईट. रोज सीबीटीवरून, म्हणजे मोठ्या बसस्टँडवरून, बस पकडून मी खानापूरला नोकरीला जातो. कन्नड बोलायला येतं, मोडकंतोडकं का होईना. वाचायला येत नव्हतं. (सीमाभागात कन्नड शिकायचं की नाही, का शिकायचं, ह्यावर आमच्या पारावर वेगळी भांडणं होतात. ती इथं नकोत.) एकदा एका कचेरीत स्वतःचाच अर्ज मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. त्या रागात गुढीपाडव्याला सुरुवात केली. तीन वह्या आणल्या, त्यांना कव्हरं घातली. चार रंगांची पेनं घेऊन वेळापत्रक काढलं, त्यातच दोन रविवार गेले. नातेवाइकांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, सगळे 'वा वा' म्हणाले, आणि आपण निम्मं शिकलोच असं वाटायला लागलं. पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 2009 साली हेच दाखवलंय: मला अमुक व्हायचंय हे चारचौघांनी ऐकून घेतलं की माणूस त्यासाठी प्रत्यक्षात कमी वेळ देतो. वाहवा अगोदरच मिळालेली असते. मग मोबाईलवर ॲप घेतलं. सलग किती दिवस केलं त्याचा आकडा त्यात दिसायचा. तो मोडू नये म्हणून रात्री बाराला पाच मिनिटं कमी असताना सगळ्यात सोपा धडा उघडायचा, आणि झोपायचं. चाळीस दिवस आकडा वाढला. कन्नड तिथंच.

शिकलो ते बसच्या पाट्यांवर. बसची वाट बघत तसाही पंधरा मिनिटं उभा असायचो. गावांची नावं पाठच होती, म्हणून अक्षरं आपोआप सुटायला लागली. 'गोकाक' वाचलं की ग आणि क हातात. 'संकेश्वर' थोडं जड गेलं. 'चिक्कोडी' आणि 'निप्पाणी' बघून कळलं की जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लोंबतं. रोज एकच पाटी, बस आली की अभ्यास संपला. वही नाही, पेन नाही. मराठीत 'ओ' एकच, कन्नडात दोन, एक आखूड आणि एक लांब. एका शब्दातला 'ओ' लांबवला की वाचणं, आखडला की लाथ, हे एका कंडक्टरनं सांगितलं. मी त्याला मोठ्या ऐटीत 'मी वाचतो' म्हणालो होतो, आणि त्यानं दोन पावलं मागं घेतली होती.

"तेच म्हणालोय मी," अण्णा म्हणाले. "ठरवून होत नसतंय. जागा लागते, वेळ लागते. मास्तर, तुम्ही सात वर्षं निश्चयानं जाताय व्हय डेपोवर? साडेपाचला तुमच्या दारात दोघंजण येऊन हाका मारतात. अख्खी गल्ली उठती त्या हाकांनी."

मास्तर गप्प. हा घाव वर्मी बसला.

मग इतका वेळ शेंगा सोलत बसलेला सुऱ्या उठून उभा राहिला. "तुमचं सगळं बरोबर आहे. खरं मला सांगा, माझी सेकंड शिफ्ट अकराला सुटती. घरी बारा. भट्टीचा उष्मा अंगातनं जायला एक. पुढच्या आठवड्यात नाईट, त्याच्या पुढच्या आठवड्यात फर्स्ट. तुमची ती जागा आन् वेळ मी कुठली धरू? पाचला उठा म्हणून सांगणाऱ्यांपैकी एक तरी साहेब रात्री बाराला घरी येतोय काय? मोठ्या माणसाला सात तास झोप पाहिजे म्हणतात. मी पाचला उठलो तर चार तासांची झोप घेऊन मोल्डिंगवर उभा राहायचं. तिथं हात भाजला तर डायरीत काय लिहू?"

ह्याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. मास्तर म्हणाले, "दोन-तीन वर्षं सोस, मग जनरल शिफ्ट माग." अण्णा म्हणाले, घड्याळ नको धरू, जेवणाचा डबा धर. डबा कधीही उघड, डब्याआधी जे करायचं ते कर. सुऱ्या म्हणाला, बघतो. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की बघणार नाही, आणि मला त्यात त्याची चूक वाटली नाही. सुधारणेच्या ह्या सगळ्या गप्पा ज्याची झोप त्याच्या मालकीची आहे, त्यालाच सुचतात.

विषय पुन्हा बंड्यावर आला, साखरेवर. अण्णांचं म्हणणं, सहांतलं एकच ठेव. बंड्यानं साखर धरली. "खरं दुकानात कोण ना कोण मिठाई म्हणून कुंदा घेऊन येतंय. नको म्हटलं की आग्रह करतात." इथं मला गोलवित्झरचीच दुसरी गोष्ट आठवली, आणि ही कामाची आहे. 'साखर खाणार नाही' असं नुसतं ठरवू नये, 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं आधीच जुळवून ठेवावं. आम्ही पारावरच जुळवलं: कुंदा पुढं आला तर 'पोरीला नेतो' म्हणायचं आणि कागदात बांधून घ्यायचा. देणाराही खूश.

"आणि घरी गेल्यावर?" सुऱ्यानं विचारलं.

"पोरगी आहे की खायला," बंड्या म्हणाला. पोरगी तीन वर्षांची. पाव किलो कुंदा ती किती खाणार, हा प्रश्न आम्ही तसाच ठेवला.

मास्तरांनी माळेचा दाखला दिला. त्यांचे थोरले बंधू माळकरी. चाळीस वर्षांत मटणाच्या पंगतीत त्यांना कुणी आग्रह केला नाही. गळ्यात तुळशीची माळ दिसली की वाढणाराच पुढं जातो. मास्तरांना वाटत होतं हा निश्चयाचा दाखला. अण्णांनी तोच उलटा केला: "त्यांना रोज ठरवावंच लागत नाही, मास्तर. एकदा ठरवलं, पुढचं माळ बघती. आन् वाढणारा बघतो."

साडेसात वाजले आणि पिग्मीच्या, म्हणजे बचतीचे पैसे रोज दारात येऊन गोळा करणाऱ्या, बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात मशीन. अण्णांचे पन्नास, टपरीवाल्याचे शंभर, बंड्याचे वीस. बंड्या आठ दिवसांपुढं पहाटे उठू शकला नाही, पण पिग्मी त्यानं सहा वर्षं भरलीय, त्यातनंच गाडी घेतली. हे अण्णांनी बोट दाखवून सांगितलं, आणि मग त्यांना थांबवणं कठीण. पिग्मी मूळची आपल्याच राज्यातली, उडुपीची. 1925 साली तिथं जी बँक निघाली, पुढं जिचं नाव सिंडिकेट झालं, ती हातमागाच्या मंदीत बुडालेल्या विणकरांना हात द्यायला निघाली होती. 1928 पासून त्यांनी रोज दोन आणे गोळा करायला माणूस दारोदार पाठवला. "विणकराला महिन्याला पावणेचार रुपये बँकेत नेऊन भर म्हटलं असतं तर भरला असता काय? दोन आणे, रोज, दारात. चुकला तर परत पहिल्यापासून नाही. उद्या माणूस येणारच."

"काल तुम्ही नव्हता," बाई बंड्याला म्हणाल्या. "असू दे. आजचे द्या."

बंड्या त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, एक काम कराल? तुम्ही रोज येताच. पैसे घेताना मला एवढंच विचारायचं, आज चाललास काय म्हणून. नाही म्हटलं तरी काही बोलू नका. नुसतं विचारा."

बाईंनी पावती फाडून त्याच्या हातात दिली. "विचारतो की. मला काय, तोंड वापरायचं. खरं पैशाला कमिशन मिळतंय मला. ह्याचं कोण देणार?"

अण्णांनी खिशातून पाचचं नाणं काढून पारावर ठेवलं. मास्तर म्हणाले, पाच जास्त होतात. बाईंनी ते उचललं आणि पुढच्या दुकानाकडं गेल्या.