एका पायावर तयार नाही

माणूस दिवसातून किती वेळा एका पायावर उभा राहतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. गरोदरपणाच्या मध्यावर आम्हा काही जणींचा तो आपोआप सुरू होतो. विजारीत पाय घालताना, काढताना, चप्पल सरकवताना, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर. एवढंच काय, नुसतं चालणं म्हणजेसुद्धा आलटून पालटून एका पायावर उभं राहणंच असतं. हे ज्ञान मला शाळेत कुणी दिलं नाही. ओटीपोटाच्या खाली अगदी मधोमध जे हाड हाताला लागतं, त्याने दुखून दुखून ते दिलं, आणि दर पावलागणिक उजळणीही करून घेतली.

या दुखण्याला पेल्व्हिक गर्डल पेन असं भारदस्त नाव आहे आणि साधारण पाचांतल्या एका गर्भवतीला ते गाठतं. कमरेखाली हाडांचं एक कडं असतं. मागे मधोमध त्रिकास्थी, तिच्या दोन्ही बाजूंना खुब्याची मोठी हाडं, आणि ती दोन्ही वळून पुढे जिथे भेटतात तिथे जघनास्थींचा सांधा. म्हणजे मागे दोन आणि पुढे एक असे तीन सांधे. पुढच्या सांध्यात मधे कुर्चेची गादी असते. तिथलं अंतर एरवी 4-5 मिलिमीटर. गरोदरपणात ते आणखी 2-3 मिलिमीटर वाढतं, आणि हे अगदी ठरल्याबरहुकूम असतं, बाळाला वाट हवी म्हणून. 10 मिलिमीटरच्या पुढे गेलं, तर मात्र डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो.

सगळा दोष रिलॅक्सिन या हार्मोनच्या माथी मारायची पद्धत आहे. नावच असं, की आरोपी आयताच सापडतो. सांध्यांचे बंध सैल होण्यात त्याचा हात आहे, हे खरं. पण रक्तातलं त्याचं प्रमाण पहिल्या तिमाहीच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि दुखणं बहुतेकींचं त्यानंतर रंगात येतं. शिवाय ज्यांच्यात रिलॅक्सिन जास्त, त्यांनाच जास्त दुखतं असंही नाही. भांडण बरेचदा सांध्यांच्या आपसातलं असतं. एक जरा जास्त हलतो, दुसरा आखडतो, आणि भार सावरायला धावलेले पोटाचे, कुल्ल्यांचे, मांडीचे स्नायू संध्याकाळपर्यंत पार दमून जातात. बाळाला यातलं काहीही कळत नाही, त्याला इजाही होत नाही. ते आत मजेत लाथा मारत असतं.

आता इलाज. डॉक्टरांकडे जाऊन "कंबर दुखते" असं म्हणालात, तर "गरोदरपणात असं होतंच" हे उत्तर घेऊन परत याल. प्रश्नच मोघम असेल तर उत्तराला तरी का नावं ठेवा? म्हणून जबानी द्यावी तसं नेमकं सांगावं: डाव्या पायावर भार घेतला की पुढे मधोमध सणक जाते, कूस बदलताना मागे उजवीकडे चमक निघते, मांड्या फाकवल्या की जांघेत कळ येते, चालताना पुढे कट्‌कन आवाज होतो. आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवा, असं स्वतःहून म्हणावं. तिथे एक तपासणी असते, ती मला फार आवडते. उताणं झोपायचं, गुडघा न वाकवता एक पाय 20 सेंटिमीटर वर उचलायचा. स्वतःचा पाय असा शिशाचा कधी झाला, असा प्रश्न पडतो. मग तपासणाऱ्या बाई दोन्ही खुबे दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि पुन्हा उचला म्हणतात. तोच पाय हलका होऊन वर जातो. दाबल्यावर हलकं वाटलं, तर पट्ट्याचा आणि व्यायामाचा उपयोग होईल, असा अंदाज बांधता येतो.

या दुखण्यातला मुख्य नियम एकाच वाक्याचा आहे: दोन पायांत डावं-उजवं करायचं नाही. जे करायचं ते दोघांनी मिळून.

सगळ्यात मोठी परीक्षा रात्री. दिवसा ज्याला आपण "कूस बदलणं" म्हणतो, ते रात्री दोन वाजता एक प्रकल्प असतो. अरुंद दारातून कपाट बाहेर काढणारे लोक आधी दोन मिनिटं नुसते बघत उभे राहतात ना, तसंच पडल्या पडल्या आधी आखणी करावी लागते. उशा बाजूला. दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवायचे, मधे छोटी उशी दाबून धरली तर उत्तम. मग श्वास सोडत, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, डोकं आणि हात ज्या बाजूला जायचं तिकडे, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळे एकाच वेळी वळवायचे. चूक नेमकी इथे होते: झोपेत आधी वरचा गुडघा उचलून पलीकडे टाकला जातो, खांदे मागे राहतात, कडं पिळलं जातं आणि मग जी कळ येते, तिने शेजारी झोपलेला माणूससुद्धा जागा होतो. चादर किंवा कपडा गुळगुळीत असेल तर वळणं सोपं जातं. दोन्ही खरखरीत असतील, तर कपडा एकीकडे आणि आपण दुसरीकडे.

झोपायचं कुशीवर, 28 आठवड्यांनंतर बाळाच्या दृष्टीनेही तेच बरं. दोन गुडघ्यांमधे उशी घ्या, असं सगळेच सांगतात. ती पुरत नाही. गुडघ्याखाली उशी आणि घोटा हवेत लोंबकळत, असं झालं की मांडी आतल्या बाजूला वळते आणि खुब्यावर ताण येतोच. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब हवी. दुसरी पोटाखाली, पातळ. तिसरी पाठीशी. इतका सरंजाम मांडल्यावर पलंगावर नवऱ्यासाठी जी जागा उरते, तिच्यावर त्याने मुकाट्याने एका कुशीवर झोपावं. त्याला कूस बदलायला उशी लागत नाही.

उठतानाही सरळ बसण्याचा मोह नको. कुशीवर या, दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडा आणि हातांनी रेटा देत उठा. खुर्चीवरून उठताना आधी कडेला सरका.

विजार बसूनच घालायची. आधी दुखऱ्या बाजूचा पाय, मग दुसरा, विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत आले की मगच उभं राहून वर ओढायची. भिंतीला टेकून उभ्याने घालणाऱ्या शूर बायका मला ठाऊक आहेत. भिंत तोल सांभाळते, सांधा सांभाळत नाही. गाडीत बसताना पाठ सीटकडे करून आधी बसायचं, मग गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम आत. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर तिच्यावरून गर्रकन वळता येतं. गाडी सुरू होण्याआधी मात्र ती काढून टाका, नाहीतर ब्रेक लागल्यावर आपणच पुढे घसरू. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि दर पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे. दोन्ही बाजू दुखत असतील, तर पायरीवर बसून, मागे हातांचा रेटा देत एक-एक पायरी वर सरकता येतं. दिसायला विचित्र दिसतं, पण वर पोचल्याशी मतलब.

घरकामात दोन गोष्टी विशेष वाईट. एक, मोठं मूल एका कडेवर घेणं. दुसरी, जड काहीतरी ढकलणं: भरलेली ट्रॉली, सोफा, ओल्या कपड्यांची बादली पायाने सरकवणं. पायाने सरकवणं हे आळसाचं काम वाटतं, पण सगळा जोर पुढच्या सांध्यावरच येतो. मांडी घालून बसणं, पायावर पाय टाकणं, एका पायावर रेलून तासभर उभं राहणं हेही टाळावं. "जरा पाय मोकळे करून ये" असं प्रेमाने सुचवणाऱ्यांना काय सांगणार? चालावं, पण थोडं थोडं, लहान पावलं टाकत. या दुखण्याची लबाडी अशी, की काम करताना ते गप्प असतं आणि बिल रात्री पाठवतं. त्यामुळे दुपारी छान वाटलं म्हणून सगळं कपाट आवरायला काढू नये.

पट्ट्याबद्दल जरा विस्ताराने बोलायला हवं, कारण बहुतेक जणी तो चुकीच्या मजल्यावर बांधतात. पोटाला आधार देणारा रुंद पट्टा वेगळा. हा पट्टा पोटाखालून, खुब्यांवरून जातो. मांडीच्या वरच्या टोकाला बाजूने जे हाड हाताला लागतं, साधारण त्या उंचीला. घट्ट हवा, पण श्वास अडकेल असा नाही. बांधून दहा पावलं चालून बघा. बरं वाटलं पाहिजे, लगेच. नाही वाटलं तर बोटभर वर-खाली सरकवून बघा, तरीही नाही तर काढून टाका. किंमत वसूल करायला म्हणून दुखणं सोसू नये. उभं राहताना, चालताना बांधायचा, झोपताना सोडायचा. आणि दिवसभर पट्टाच काम करत राहिला तर स्नायू रजेवर जातात, म्हणून व्यायाम हवाच.

व्यायाम बघायला इतके किरकोळ, की बघणाऱ्याला आपण नुसत्या बसलोय असंच वाटतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून 10 सेकंदांपर्यंत धरायचे, सोडायचे, असं 10 वेळा. मग 10 वेळा झटपट. गुडघ्यांमधे उशी ठेवून 5 सेकंद हलकेच दाबायची, दुखलं तर थांबायचं. गुडघे आणि तळव्यांवर ओणवं होऊन श्वास सोडत पोटाचा खालचा भाग आत घ्यायचा, पाठ न हलवता. पाण्यातले व्यायाम फार सुखाचे, कारण वजन पाणी पेलतं; फक्त बेडकासारखे पाय फाकवून पोहणं वर्ज्य. शेकायचं तर कोमट, थंड हवं तर बर्फ कापडात गुंडाळून 10 मिनिटं. गोळी डॉक्टरांना विचारूनच, पॅरासिटामॉलसुद्धा. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीच नाहीत, आणि 20 आठवड्यांनंतर तर मुळीच नाहीत.

इथे थट्टा बाजूला. रक्तस्राव, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, मांड्यांमधला भाग बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, किंवा अचानक पायावर भारच न घेता येणं, यातलं काहीही झालं तर उशा मांडत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रसूतीची धास्ती साहजिक आहे. बहुतेकींना नेहमीसारखीच प्रसूती होते. तयारीत एक मोजपट्टी ठेवा. खुर्चीच्या कडेला बसून, दुखायला लागण्याच्या अलीकडेपर्यंत गुडघे एकमेकांपासून लांब करायचे आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायचं. तो आकडा फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा. एपिड्युरल, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीत देतात ते इंजेक्शन, घेतलं की दुखणं कळत नाही, आणि मग उत्साहाच्या भरात पाय कुणी किती लांब केले, हेही कळत नाही; तिथे तो आकडा आपल्या वतीने बोलतो. कुशीवर किंवा ओणवं होऊन कळा देता येतात का, हे आधीच विचारून ठेवा. पाय टेकूवर चढवायचेच झाले, तर दोन्ही एकदम वर, दोन्ही एकदम खाली, आणि काम झाल्याबरोबर खाली.

बाळ आल्यावर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ओसरतं. तोवर लंगोट बदलायची जागा कमरेच्या उंचीला हवी, आणि बाळ दोन्ही हातांत, समोर; कडेवर नंतर आयुष्यभर आहेच. थोड्या जणींचं रेंगाळतं, त्यांनी फिजिओथेरपिस्टचा पिच्छा सोडू नये. ज्यांना एकदा हे झालं, त्यांना पुढच्या खेपेला पुन्हा व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून दुसऱ्याचा विचार हे पुरतं बरं झाल्यावर करावा. पट्टा धुऊन, सुकवून, माळ्यावर न टाकता हाताशी येईल अशा कप्प्यात ठेवावा. माळ्यावर चढायला पुन्हा एका पायावर उभं राहावं लागतं.